कोकणात सायकलवर: ताम्हिणी सोपा, खाड्या अवघड

नमस्कार मंडळी. पुण्यातून श्रीवर्धन, दापोली, गुहागर करत रत्नागिरीपर्यंत सायकलवर जायचंय म्हटलं, की पहिला प्रश्न हमखास येतो: ताम्हिणी घाट जमेल का? जमेल हो. पुणं साधारण 560 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पिरंगुट आणि मुळशीकडचे चढउतार संपले की माणगावपर्यंत बहुतेक उतारच. दम निघतो तो पुढे. समुद्रकाठचा रस्ता म्हणजे सपाट, असं वाटतं ना? तो गावातून सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर चढतो, पलीकडे खाडीवर उतरतो आणि पुन्हा चढतो. हे दिवसातून चार-पाच वेळा, तेही सामान लादून.

म्हणून आधी गिअर. इकडे मागे बघा, ही कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्र्यांचा संच. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून 95 किलो धरू. चढ 10 टक्के, पेडल मिनिटाला 60 फेरे. पुढे 34 दाते, मागे 28 असतील तर वेग ताशी 9 किलोमीटर आणि पायातून जवळजवळ 250 वॉट निघायला हवेत. मागे 34 दाते लावले की वेग साडेसातवर येतो आणि काम 200 च्या जरा वर भागतं. हौशी माणूस एवढं रेटू शकतो, 250 वर तो थोड्याच वेळात उतरून ढकलायला लागतो.

पण नुसती कॅसेट बदलून चालत नाही. तुमचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा मागचा भाग, 34 दाते झेपवतो का, ते दुकानात विचारा. साखळीची लांबीही बघा: पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीवरून, डिरेलरमधून न ओवता, साखळी गुंडाळा, टोकं जुळतात तिथून दोन कड्या जास्त हव्यात. आखूड राहिली आणि चुकून पुढची-मागची दोन्ही मोठी चक्री एकदम पडली, तर साखळी ताणून डिरेलर फ्रेमला जिथे टांगलेला असतो तो हँगरच वाकतो.

सामान सगळं मागे टाकू नका. चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं आणि मागच्या चाकाचे स्पोक तुटतात, तेही बहुधा कॅसेटच्या बाजूचे, कारण त्यांच्यावर ताण जास्त असतो. त्या मापाचे दोन स्पोक फ्रेमला टेपने चिकटवून न्या. पाणी आणि हत्यारं पुढे. कॅरिअरचे बोल्ट रोज सकाळी पान्याने तपासा, हाताने नाही.

ताम्हिणीच्या उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. डिस्क असेल तर पॅड गुळगुळीत होऊन किंचाळतात आणि धरत नाहीत. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, मग सोडून द्या.

वाटेत तीन फेरीबोटी: बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. दाभोळची चुकली, तर चिपळूणमार्गे भला मोठा वळसा पडतो. जेट्टीच्या उतारावर शेवाळ असतं, बोटीची लोखंडी फळी ओली असते. तिथे उतरून चालायचं, शान नको. मुक्कामाला पोचलात की साखळी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा, मग तेल. खाऱ्या हवेत रात्रभर तशीच राहिली तर सकाळी तांबूस दिसते.

आणि गणपतीपुळ्यानंतरचा आरे-वारेचा किनाऱ्यालगतचा रस्ता. खाली समुद्र इतका देखणा, की चढ कधी अंगावर आला ते कळत नाही. पायावर जोर आल्यावर गिअर बदललात तर साखळी कडकड करते, कधी उतरते, आणि तिथे थांबलात की चढावरच सायकल पुन्हा सुरू करायची वेळ येते. वळण दिसलं की, पेडल अजून हलकं असतानाच, सर्वांत मोठी मागची चक्री टाका.