शिंपटी घेतलेली आई

(दृश्य: पालगड, भर पावसाळा. काठोकाठ भरलेली विहीर. पोरांच्या उड्या.)

कोकणातल्या विहिरी या दिवसांत अशा तुडुंब भरतात, की वाकलं तरी हाताला पाणी लागतं. गावची पोरं पोहायला शिकतात ती याच दिवसांत. श्याम मात्र त्या सकाळी माळ्यावर दडून बसला होता. आईनं त्याला हुडकला, खाली ओढला आणि शिंपटीनं बडवून विहिरीवर धाडला. पोराला कुणी भित्रा म्हणू नये, एवढंच तिचं म्हणणं.

ही साने गुरुजींची 'श्यामची आई'. पुस्तक न उघडताही जिच्या नावानं लोक डोळ्यांना पदर लावतात, तीच. 1953 च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आई घरोघरी पोचली, आणि कधीतरी तिच्या हातातली शिंपटी गळून पडली. पुस्तकात अश्रू पुष्कळ आहेत. पण मोजायला बसलात तर बरेचसे श्यामचे निघतील.

(दृश्य: अंगणातली धोंड. ओले तळवे, जवळून.)

आंघोळ झाली, आता तळव्यांना माती लागायला नको. श्याम हटून बसला: आई, तुझे ओचे धोंडीवर पसर. तिनं पसरले. लुगडं भिजलं ते भिजलं. मग म्हणाली, पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसाच मनाला लागू नये म्हणूनही जप. हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलंय. आधी ओचे भिजले आणि मग वाक्य आलं, हा क्रम मात्र ऐकताना निसटतो.

(दृश्य: गावातल्या एका आजींचे हात. पानांचा ढीग.)

पत्रावळ. मधे मोठं पान, भोवती बेताची. टाका घालायचा तो चोयीनं, म्हणजे बांबूच्या बारीक काडीनं. चोय दाबून घातली तर पान चिरतं, सैल राहिली तर कढी थेट जमिनीवर. आजी लावलेलं पान उजेडासमोर धरतात. भोक दिसलं, की त्यावर दुसऱ्या पानाचा तुकडा, पुन्हा एक टाका, पुन्हा उजेड. बोलत काही नाहीत. श्यामला हे येत नव्हतं, आणि यायलाच हवं असा घरचा आग्रह. 42 रात्रींच्या या पुस्तकातली एक अख्खी रात्र गुरुजींनी पत्रावळीला दिली आहे. आम्हीही म्हणून इथे कॅमेरा जरा जास्त वेळ ठेवला.

(दृश्य: पुस्तकाची जुनी प्रत. पानं उलटतात.)

आश्रमात प्रार्थना झाली, की श्याम सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. गुरुजींनी यातला बहुतेक मजकूर नाशिकच्या तुरुंगात लिहिला, फेब्रुवारी 1933 मध्ये, पाच दिवसांत. त्यांची स्वतःची आई यशोदाबाई 1917 साली गेलेली. पंधरा वर्षांनंतरही शिंपटी, ओचे, चोय सगळं जागच्या जागी. खरं किती आणि रचलेलं किती, हे ज्यांना निवडत बसायचं त्यांनी खुशाल बसावं.

(दृश्य: उन्हातला रस्ता. सरपणाची मोळी, जवळून.)

एक म्हातारी. मोळी खाली पडलेली, ती एकटीला उचलवत नाही. म्हातारी महार, त्यामुळे येणारा-जाणारा हात लावत नाही. आईनं श्यामला सांगितलं, जा, मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर.

ही आंघोळ सांगताना लोक अडखळतात. कशाला? गावात राहून, विटाळ मानणाऱ्या घरात राहून, तिला जेवढी वाट सापडली तेवढी तिनं काढली. मोळी उचलली गेली.

(दृश्य: पंढरपूर, मंदिराचं महाद्वार.)

पोरानं पुढे ती आंघोळही सोडली. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून 1 मे 1947 ला गुरुजी उपोषणाला बसले. दहा दिवस. मंदिर खुलं झालं.

(दृश्य: पुन्हा पालगड. तिन्हीसांज, पावसाची भुरभुर.)

आईचं दुखणं विकोपाला गेलं, तेव्हा श्याम शिक्षणासाठी परगावी होता. तो निघाला. घरी पोचला, तोवर ती गेली होती.

(यापुढे निवेदन नाही. उंबरठा, रिकामं अंगण, धोंडीवरून वाहणारं पाणी.)