मिठाचा खडा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

मला विषय दिला होता, 'प्राचीन भारतीय तत्त्वज्ञान आणि धर्मग्रंथांची ओळख', आणि वेळ वीस मिनिटं. चार वेद, उपनिषदं, सहा दर्शनं म्हणजे तत्त्वज्ञानाच्या शाखा, रामायण, महाभारत, अठरा पुराणं. नुसती नावं घेत बसले तरी वीस मिनिटं सरतील आणि गाडीत बसेपर्यंत त्यातलं अर्धं विसरायला होईल. माझंही लहानपणी तेच झालं. नावं पाठ होती, आत काय आहे ते कोणी दाखवलं नव्हतं. म्हणून आज एकच प्रकरण उघडते: छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय.

आधी त्याचा पत्ता सांगते. वेद चार. प्रत्येकाचा पहिला थर संहिता, म्हणजे मंत्र. एकट्या ऋग्वेदाच्या संहितेत 10 मंडलं आणि 1028 सूक्तं आहेत. पुढे यज्ञांचा विचार करणारी ब्राह्मणं, मग आरण्यकं आणि उपनिषदं. हे सगळं शतकानुशतकं तोंडपाठ होत आलं, लिहून ठेवणं फार नंतरचं. छांदोग्य हे सामवेदाचं उपनिषद.

या अध्यायात बाप आणि मुलगा बोलतात. बाप उद्दालक आरुणि, मुलगा श्वेतकेतू. बाप मुलाला म्हणतो, शिकायला जा, आपल्या घराण्यात कोणी नुसत्या जन्माने ब्राह्मण म्हणवून घेत नाही. बाराव्या वर्षी गेलेला मुलगा चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून परत येतो, ताठ मानेने. बाप विचारतो, "जे ऐकल्यावर न ऐकलेलं ऐकलेलं होतं, ते गुरुजींना विचारलंस का?" मुलगा म्हणतो, त्यांना ते माहीत नसावं, असतं तर मला का सांगितलं नसतं? आता तुम्हीच सांगा.

इथून बाप शिकवायला लागतो, आणि त्याची शिकवण्याची रीत मला फार आवडते. तो मुलाला म्हणतो, पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी हवं तेवढं पी. सोळाव्या दिवशी मुलगा समोर येतो. बाप म्हणतो, ऋचा म्हण, यजू म्हण, सामं म्हण. बारा वर्षं घोकलेलं, पण मुलगा म्हणतो, "न वै मा प्रतिभान्ति भोः", काही सुचतच नाही हो. बाप सांगतो, मोठा विस्तव विझत आला आणि काजव्याएवढा निखारा उरला, तर त्याने काही जळत नाही. जा, जेवून ये. मुलगा जेवतो आणि जे विचारलं ते धडाधड सांगतो. त्याच निखाऱ्याला गवताची काडी घातली की तो पुन्हा पेटतो. मन अन्नाचं बनलेलं आहे, हे बापाने सिद्धांत म्हणून सांगितलं आणि मुलाने पोटातून अनुभवलं. निर्जळी एकादशी केलेल्या कोणालाही हे पटेल.

मग वडाचं फळ. ते फोड, काय दिसतं? बारीक दाणे. त्यातला एक फोड, काय दिसतं? "काहीच नाही." बाप म्हणतो, तुला जे दिसत नाही ना, त्या सूक्ष्मातूनच हा एवढा वड उभा आहे.

आणि मग मीठ. हे मीठ पाण्यात टाक आणि उद्या सकाळी ये. सकाळी बाप म्हणतो, रात्री टाकलेलं मीठ काढून दे. मुलगा चाचपतो, सापडत नाही. वरून एक घोट घे, कसं लागतं? खारट. मधून? खारट. तळातून? खारट. ते दिसत नाही, पण आहे इथेच. तसंच ते सत्, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेलं अस्तित्व, इथेच आहे, "तत् त्वम् असि श्वेतकेतो", ते तू आहेस.

आपल्या शनिवारच्या मराठी शाळेत मी हे मुलांकडून करवून घेतलं. सहा पेले, सहा मुलं, प्रत्येकाला दोन चमचे मीठ. बोटं घालून मीठ शोधायला सगळे तयार. घोट घेण्याची वेळ आली तेव्हा नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "ताई, वर थोडंच खारट आहे, तळाशी खूप खारट आहे. म्हणजे गोष्ट चुकीची आहे." वर्गात शांतता. तिचं बरोबर होतं. आम्ही पाणी ढवळलं नव्हतं आणि मीठ टाकून जेमतेम दहा मिनिटं झाली होती. मी म्हटलं, तुझं म्हणणं फळ्यावर लिहू. लिहिलं. मग ढवळलं, पुन्हा चाखलं. या वेळी तिने तीनदा घोट घेतला आणि मान डोलावली, पण फळ्यावरचं वाक्य पुसू दिलं नाही. मला ते फार आवडलं.

कारण आपल्या शास्त्रग्रंथांची रीत हीच आहे. समोरच्याचं म्हणणं आधी मांडायचं, त्याला पूर्वपक्ष म्हणतात, आणि मग आपलं उत्तर द्यायचं. समोरच्याला दुबळा करून मांडलं तर आपलंच उत्तर कच्चं राहतं. चौदाव्या शतकातला माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' सोळा दर्शनांची माहिती देतो आणि सुरुवात कोणापासून करतो? चार्वाकापासून. वेद न मानणारा, परलोक न मानणारा चार्वाक पहिल्या प्रकरणात. चार्वाकांबद्दल आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंचसं अशा विरोधकांनीच जपून ठेवलं आहे. सहा आस्तिक दर्शनं म्हणतो, तीही एका सुरात बोलत नाहीत. 'आस्तिक' म्हणजे इथे वेद मानणारे. ईश्वरकृष्णाच्या 'सांख्यकारिके'त जग प्रकृती (जड सृष्टीचं मूळ) आणि पुरुष (चेतन आत्मा) यांच्यावर उभं आहे, तिथे ईश्वराची गरजच पडत नाही, तरीही सांख्य आस्तिक. न्याय, वैशेषिक, योग, मीमांसा, वेदान्त यांच्यावर एकेक मेळावा घ्यावा लागेल, आज पुढे जाते.

पुन्हा "तत् त्वम् असि" कडे येऊ. अध्यायात हे वाक्य नऊ वेळा येतं. शंकराचार्यांनी ते सरळ घेतलं: जीव आणि ब्रह्म एकच. रामानुजाचार्य म्हणाले, जीव हे ब्रह्माचं शरीर आहे, त्या नात्याने एक. आणि तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी संधीच वेगळा सोडवला. मूळ पाठ "स आत्मातत्त्वमसि" असा सलग म्हटला जातो. त्यांनी तो "स आत्मा, अतत् त्वम् असि" असा वाचला: ते तू नाहीस. एका 'अ'वरून अद्वैत आणि द्वैत समोरासमोर. तिघेही आचार्य, तिघांचीही परंपरा आजतागायत चालू. "आपल्या ग्रंथात अमुकच सांगितलंय" असं कोणी ठासून सांगू लागलं की मला हा 'अ' आठवतो.

मीठ आणखी एका ठिकाणी आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी घर सोडून निघतो आणि पत्नी मैत्रेयीला संपत्तीची वाटणी सांगतो. ती विचारते, "येनाहं नामृता स्यां किमहं तेन कुर्याम्", ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू? तेव्हा तो सैंधवाच्या खड्याचा दृष्टान्त देतो: पाण्यात टाकला की विरतो, वेगळा काढता येत नाही, पण जिथून घ्यावं तिथून खारट. मेल्यावर संज्ञा, म्हणजे जाणीव, उरत नाही, असंही म्हणतो. मैत्रेयी मान डोलावून गप्प बसत नाही. ती म्हणते, इथेच तुम्ही मला गोंधळात टाकलंत. हे वाक्य उपनिषदाने ठेवलं आहे, गाळलं नाही. याच ग्रंथात जनकाच्या सभेत गार्गी दोनदा उठून प्रश्न विचारते. आणि मुलाला मीठ चाखायला लावणारा उद्दालक त्या सभेत याज्ञवल्क्याला आव्हान देत प्रश्न विचारतो, उत्तर ऐकून गप्प होतो. एका उपनिषदातला गुरू दुसऱ्यात हरतो, आणि दोन्ही गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या आहेत.

आता आपल्या अंगणात येते. शके 1212, म्हणजे इ.स. 1290, नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली. ज्यांना संस्कृत येत नव्हतं आणि ज्यांना ते शिकू दिलं जात नव्हतं, त्यांच्यापर्यंत ती पोचली. मग सतराव्या शतकात देहूचे तुकोबा म्हणतात:

लवण मेळवितां जळें । काय उरलें निराळें ॥
तैसा समरस जालों । तुजमाजी हरपलों ॥

तोच मिठाचा खडा. फरक एवढाच की उद्दालक मुलाला ते दाखवतो आणि तुकोबा स्वतः मीठ झालेले असतात. माझी आजी शाळेत गेली नव्हती, उपनिषद हा शब्द तिने कधी उच्चारला नसेल, पण हा अभंग ती भांडी घासताना म्हणायची. मी छांदोग्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राखेचा वास आला.

बापाने एवढं सांगूनही श्वेतकेतू प्रत्येक वेळी एकच म्हणतो: "भूय एव मा भगवान् विज्ञापयतु", मला पुन्हा समजावून सांगा. बाप एकदाही चिडत नाही. "तथा सोम्य", बरं बाळा, म्हणतो आणि नवा दृष्टान्त काढतो. इथे वाढणारी आपली मुलं इंग्रजीत विचारतात, मधेच विचारतात, कधी कधी उर्मटपणे विचारतात. आरती का करायची, मांसाहार का नाही, हे खरंच घडलं का. त्यांना "आपल्याकडे असंच असतं" एवढंच सांगून मीही पूर्वी वेळ मारून नेली आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या महिन्यापासून दर दुसऱ्या रविवारी मंडळाच्या छोट्या खोलीत आपण हा सहावा अध्याय ओळीने वाचणार आहोत, मराठी अर्थासकट, मोठे आणि मुलं एकत्र. सोळा खंड आहेत, एका वेळी एकच घेऊ. संस्कृत येण्याची अट नाही. तेराव्या खंडाला येताना प्रत्येकाने घरून एक पेला आणा, मीठ मी आणते. आणि या वेळी ते आदल्या रात्रीच पाण्यात टाकून ठेवू.