सहावारीची मोजपट्टी

(पडद्यावर: फरशीवर पसरलेली जुनी सहावारी साडी. एक हात ती पदराकडून गुंडाळत आणतो.)

सहा वार म्हणजे 18 फूट. साडी नेसणाऱ्या बाईला हे कुणी सांगावं लागत नाही. पण त्याच साडीने घराची उंची मोजावी, हे सुचलं मुंबईत, भायखळ्याच्या फुटपाथवर झोपड्या घालून राहणाऱ्या बायकांना.

आम्ही करून पाहिलं. पदराकडचे चार फूट हातावर गुंडाळले, उरलेली साडी भिंतीशी उभी धरली. 14 फूट. खोली एवढी उंच असली की मध्ये पोटमाळा निघतो. खाली चूल, शिलाई मशीन, आलागेला. वर मुलांची अंथरुणं. जमीन तेवढीच, घर जवळपास दुप्पट.

1980 च्या दशकात या बायकांनी आपल्या मनातल्या घराचे असे पुऱ्या मापाचे नमुने उभे केले, प्रदर्शन भरवलं आणि पालिकेच्या साहेबांना बघायला बोलावलं. तोवर साहेब त्यांच्याकडे येत ते एकाच कामासाठी, आणि बरोबर तोडकामाची गाडी असायची.

(भायखळा. डिमटिमकर रोड, सोफिया झुबेर रोड. सकाळ.)

आपली गोष्ट घरांची आहेच, पण त्याहून जास्त ती एका शाळेची आहे. तिला इमारत नव्हती, आणि तिथे शिकायला पुढे दक्षिण आफ्रिकेतून, केनियातून, फिलिपिन्समधून माणसं आली. विकासाच्या जगात परिषदा काही कमी होत नाहीत. गळ्यात ओळखपत्र, हातात पाण्याची बाटली, पडद्यावर आलेख. गरिबांबद्दल तिथे बरंच बोललं जातं, पण खुर्चीवर गरीब क्वचित दिसतो. भायखळ्याने ही बैठकच उलटी घातली.

मागे थोडं जावं लागेल. 1981 च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना उठवून शहराबाहेर धाडायचा हुकूम काढला. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. 10 जुलै 1985 ला सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो, असं त्यात म्हटलं होतं. आणि पावसाळा संपल्यावर, रीतसर नोटीस देऊन, पालिका फुटपाथवरच्या झोपड्या हटवू शकते, असंही त्यात होतं. पहिला भाग कायद्याच्या पुस्तकांत गेला. फुटपाथवर आला तो दुसरा.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1984 मध्ये, शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पार्क’ ही संस्था सुरू केली होती. भायखळ्यात पालिकेच्या दवाखान्याचं एक गॅरेज त्यांना मिळालं. तिथे बाई केव्हाही येऊन बसू शकत होती, आणि हीच त्या जागेची सगळ्यात मोठी सोय. निकालाच्या धास्तीत या मंडळींनी एक साधं काम केलं. माणसं मोजली. सुमारे 6,000 कुटुंबं भरली. त्यातून जे निघालं ते फुटपाथवर सगळ्यांना ठाऊक होतं आणि सरकारदरबारी कुणालाच नव्हतं. ही माणसं भीक मागत नव्हती, काम करत होती. आणि कामाला चालत जाता यावं, बसचं भाडं वाचावं, म्हणून इथे राहत होती.

मग एक माणूस या गॅरेजमध्ये आला. जोकिन अर्पुथम. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावचा, धंद्याने सुतार, मुंबईत ट्रॉम्बेजवळच्या जनता कॉलनीत राहिलेला. कॉलनीतला कचरा पालिका उचलत नाही म्हणून एकदा त्याने पोरांकरवी तो पुड्या बांधून पालिकेच्याच कचेरीपुढे नेऊन टाकला होता. 1976 मध्ये, आणीबाणीत, ती कॉलनी पाडली गेली आणि लोकांना चीता कॅम्पला नेऊन सोडलं. मोर्चे, धरणी, कोर्ट, सगळं करून हा माणूस इथवर आला होता. झोपडपट्टीवासीयांचा देशपातळीवरचा महासंघ त्याने आधीच उभा केला होता. पण त्याचा पिंड पुरुषांच्या आंदोलनाचा. भायखळ्यात त्याची गाठ पडली ती हिशेब ठेवणाऱ्या बायकांशी. 1986 मध्ये त्या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना झाली.

(जवळून: प्लास्टिकची छोटी पिशवी. आत रंगीत कागदाचे चौकोनी कपटे.)

हे पासबुक.

बहुतेक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून एक रुपयाला एका रंगाचा कपटा, दोनला दुसऱ्या, पाचला तिसऱ्या. पैसे दिले की कपटा पिशवीत. पिशवी स्वतःच्या घरात. हिशेब जमवायचा झाला की पिशवी पालथी करायची. बचत रोजची, महिन्याची नाही, कारण हातात पैसा येतो तोही रोजचा. पैसे गोळा करणारी बाई दररोज प्रत्येक झोपडीच्या तोंडाशी जाते. तिला रुपया मिळतोच असं नाही. पण कुणाचं मूल तापाने फणफणलंय, कुणाचा नवरा काल परतला नाही, कुणाला वॉर्डाची चिठ्ठी आली, हे तिला संध्याकाळपर्यंत ठाऊक असतं. पोराच्या औषधाला किंवा गावच्या तिकिटाला कर्ज द्यायची वेळ आली, की तारण म्हणून एवढी माहिती पुरते.

बचत गट महाराष्ट्राला नवे नाहीत. पण या रोजच्या फेरीतली गंमत बँकेच्या माणसाला सांगून कळत नाही. बरोबर चालावं लागतं.

(जुनी छायाचित्रं. दक्षिण आफ्रिका, पत्र्याच्या वस्त्या.)

मार्च 1991. नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटून वर्ष झालं होतं. जोहान्सबर्गजवळ ब्रूडरस्ट्रूम इथे पत्र्याच्या वस्त्यांमधल्या लोकांचा मेळावा भरला आणि त्याला भारतातून पाहुणे बोलावले होते. जोकिनही त्यांत होता. वातावरणात आशा होती की आता आपलं राज्य येईल आणि घरं मिळतील. जोकिनने तिथे जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की आमचं राज्य 1947 मध्येच आलं आणि आम्ही अजून फुटपाथवर आहोत. राज्य आलं की जमीन आपोआप येते, या भरवशावर बसू नका.

पाहुण्याने लग्नघरी असं बोलू नये. पण हे ऐकून घेतलं गेलं, कारण सांगणारा सल्लागार नव्हता, झोपडपट्टीतून उठवला गेलेला माणूस होता.

नंतर तिकडच्या बायका मुंबईला आल्या, इकडच्या तिकडे गेल्या. भाषेचा प्रश्न होता, आणि तो कधीच पुरता सुटला नाही. एक हिंदी बोलणार, दुसरी खोसा किंवा झुलू, मध्ये इंग्रजी जाणणारा कुणीतरी आणि त्याची दमछाक. म्हणून मग बोलण्यापेक्षा करण्यावर भर. आल्या पाहुण्याला हॉलमध्ये बसवून भाषण ऐकवायचं नाही. गल्लीत न्यायचं. बचतीच्या फेरीला बरोबर घ्यायचं. खडूने दारांवर नंबर टाकायला लावायचं. नकाशा काढायचा तर जमिनीवर बसूनच. नमुन्याच्या घराला कापड लावायचं तर पाहुणीने एक टोक धरायचं. रात्री मुक्काम वस्तीत. दोन बायका एकमेकींच्या चुलीकडे आणि संडासाकडे बघून जे समजून घेतात, त्याचा अहवाल होत नाही. होऊही नये.

1994 मध्ये दक्षिण आफ्रिकेत बेघरांचा महासंघ स्थापन झाला. त्याचं नाव ‘उमफेलांडावोन्ये’, म्हणजे ‘मरू तर एकत्र’. पाया रोजच्या बचतीचा. केप टाउनच्या एका बचत गटाने वर्णभेदाविरुद्ध लढताना मारल्या गेलेल्या वकील व्हिक्टोरिया म्झेंगे यांचं नाव घेतलं आणि सरकारी अनुदानात स्वतःची भर घालून, स्वतः विटा रचून, ठेकेदार देतो त्याहून ऐसपैस घरं बांधली. वस्तीचा बोलबाला इतका झाला की पुढे बिल क्लिंटनही ती बघायला आले. त्या घरांनी भायखळ्याची नक्कल मात्र केली नाही. तिथे जमीन आहे, अंगण आहे, 14 फुटांचा पोटमाळा कशाला हवा? उचलली ती सवय. मोजायचं, साठवायचं, नमुना उभा करायचा, आणि मगच साहेबाकडे जायचं.

1996 मध्ये अशा महासंघांचं आंतरराष्ट्रीय जाळं बांधलं गेलं. त्याचं नाव ‘स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल’. मनिलाच्या पायातास कचरा डोंगरावर कचरा वेचणाऱ्या बायकाही बचतीच्या या कुळातल्या. जुलै 2000 मध्ये तो डोंगर वस्तीवर कोसळला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. कचऱ्यावर जगणं आणि कचऱ्याखाली मरणं यांतलं अंतर काय असतं, हे देवनारकडे राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

(संडासांची रांग. लहान मुलांसाठी वेगळी, उघडी, ठेंगणी जागा.)

आता संडासाकडे वळू. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या.

या मंडळींनी संडासाचा मेळा भरवला. कानपूरला, बंगळुरूला. अक्षरशः मेळा, म्हणजे फिती, फुगे, पाहुणे, भाषणं. गंभीर चेहऱ्याने ‘स्वच्छता’ म्हटलं की साहेब फाइल मागतो. मेळा म्हटला की फीत कापायला येतो, आणि आला की त्याला आतून बघावं लागतं. मुलांसाठी वेगळी जागा हवी, हे बायकांनी दाखवून दिलं. मोठ्यांच्या रांगेत पोराला मागे ढकलतात, आतला अंधार आणि भलंमोठं भोक बघून ते घाबरतं, आणि शेवटी गटारावर बसतं. बायकांची आणि पुरुषांची रांग वेगळी हवी. देखभाल करणाऱ्या कुटुंबाला वर राहायला खोली हवी. यातलं एकही वाक्य अवघड नाही. पण ते बोलायला रोज सकाळी त्या रांगेत उभं राहिलेलं माणूस लागतं.

पुण्यात रत्नाकर गायकवाड पालिका आयुक्त असताना, 1999 पासून, वस्त्यांमध्ये सार्वजनिक शौचालयांच्या चारशेहून अधिक इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्या बऱ्याच कामांचा ठेका अशा संघटनांकडे होता. जून 2001 मध्ये तर न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाच्या दालनातच, घराचा आणि मुलांच्या संडासाचा नमुना उभा राहिला. सरचिटणीस कोफी अन्नान तो बघायला आले. जगातल्या सगळ्यात औपचारिक इमारतीत पोरांचा संडास. तो क्षण नुसता कल्पून पाहा.

यातली चलाखी समजून घेतली पाहिजे. गरिबांनी विमानाने कशाला फिरायचं, ही तर सहल झाली, असं बोलणारे होतेच. तज्ज्ञाचं तिकीट हा खर्च आणि फुटपाथवरच्या बाईचं तिकीट ही चैन, हा न्याय मला कधी कळला नाही. पण फिरण्याचा खरा फायदा घरी परतल्यावर होता. जिला वॉर्ड ऑफिसचा शिपाई फाटकाशी अडवतो, तिच्या वस्तीत परदेशी मंत्री येणार म्हटल्यावर साहेब स्वतः गाडीतून उतरतो. बाई दोघांमध्ये उभी राहते आणि साहेबाने मागच्या वर्षी दिलेलं आश्वासन पाहुण्यासमोर, गोड आवाजात, पुन्हा वदवून घेते. केनियात नैरोबीच्या किबेरा वस्तीत रुळांलगतची घरं हलवायचा प्रश्न आला, तेव्हा तिथले रेल्वे अधिकारी आणि रहिवासी एकत्र मुंबईला आले. एका गाडीत, एका जेवणाला. नैरोबीत ते समोरासमोर बसले असते, इथे शेजारी बसले.

(मानखुर्द. दाट इमारती, मधली अरुंद फट.)

सगळं छान झालं, असं नाही. मुंबईत जागतिक बँकेच्या पैशातल्या वाहतूक प्रकल्पासाठी रुळांलगतची हजारो कुटुंबं मानखुर्दसारख्या ठिकाणी हलली. डोक्यावर छप्पर आलं, दारात पाटी आली. पण काही ठिकाणी इमारती इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. काम राहिलं दूर. ज्या बसभाड्यासाठी फुटपाथ धरला होता, ते आता रोज मोजावं लागतं. पुनर्वसनाच्या तक्रारी जागतिक बँकेपर्यंत गेल्या आणि 2006 मध्ये बँकेने प्रकल्पाचे पैसे काही काळ रोखले. सरकारबरोबर भागीदारी करताना संघटनांची धार बोथट होते, ही टीका जुनी आहे आणि ती पूर्णपणे चूक म्हणता येत नाही. पाहुण्यांना दाखवायच्या गल्ल्या आणि न दाखवायच्या गल्ल्या, असंही हळूहळू होतंच.

तरी एक धागा इथे सांगायलाच हवा. स्पार्कच्या सुरुवातीच्या मंडळींतल्या प्रेमा गोपालन पुढे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’च्या कामाला लागल्या. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत बायका घरबांधणीच्या कामात उतरल्या. आणि 26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरलं, तेव्हा त्याच बायका तिकडे गेल्या. काही वर्षांपूर्वी जिचं घर पडलं होतं, ती पडलेल्या घरासमोर बसलेल्या दुसरीशेजारी जाऊन बसली. सरकारी यादीत नाव कसं घालायचं, पंचनाम्याला काय विचारायचं, कुठली भिंत पुन्हा बांधू नये, हे तिला पाठ होतं.

जोकिन 13 ऑक्टोबर 2018 ला गेला. 2000 मध्ये त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये त्याला आणि शीला पटेल यांना पद्मश्री.

(भायखळा. संध्याकाळ. एक बाई झोपडीच्या तोंडाशी वाकते.)

फेरी सुरू झाली आहे. पहिल्या दारी पाच रुपये, दुसऱ्या दारी दोन. तिसऱ्या दारी, “आज नाही गं, उद्या ये.” ती लगेच निघत नाही. उंबऱ्यावर टेकते आणि विचारते, पोराचा खोकला कसा आहे.