फांद्यांच्या ढिगावरून शिरगणती

काठाजवळ पाण्यात रोवून ठेवलेला हा फांद्यांचा ढीग नीट पाहा. पॉप्लर आणि विलोच्या या ओल्या फांद्या म्हणजे बीव्हर या झाडे कुरतडून पाण्यावर बंधारे बांधणाऱ्या प्राण्याच्या एका कुटुंबाची हिवाळ्याची बेगमी आहे. तळे गोठले की नर, मादी आणि त्यांची पिल्ले बर्फाखालून पोहत येऊन एकेक फांदी घरात ओढून नेतात आणि तिची साल खातात. बीव्हर रात्री वावरतो आणि दिवसा दडून राहतो. त्यामुळे संशोधक पानगळीच्या दिवसांत विमानातून हे ढीग मोजतात. एक ढीग म्हणजे साधारणपणे एक नांदते घर.

ही मोजदाद करावी लागली, कारण मधल्या काळात मोजण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. युरोपीय येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत किमान 6 कोटी बीव्हर असावेत, असा अंदाज आहे. त्यांच्या फरापासून बनणाऱ्या फेल्टच्या टोप्यांसाठी त्यांची एवढी शिकार झाली की 1900 च्या सुमारास जेमतेम लाखभर शिल्लक राहिले.

त्याचे दात पाहा. पुढच्या बाजूच्या एनॅमलमध्ये लोह असल्याने ते नारिंगी आणि कठीण असतात, मागची बाजू मऊ असल्याने लवकर झिजते आणि धार आपोआप टिकते. पटाशीचे दात हे आपले नाव इथे शब्दशः खरे ठरते.

कॅनडातल्या एल्क आयलंड राष्ट्रीय उद्यानात 1941 मध्ये बीव्हर पुन्हा सोडण्यात आले. ग्लिनिस हूड आणि सुझन बेली यांनी तिथल्या 54 वर्षांच्या नोंदी आणि हवाई छायाचित्रे तपासून 2008 मध्ये मांडलेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो: पाणथळींतल्या खुल्या पाण्याच्या क्षेत्रात जो चढउतार झाला, त्यापैकी 80 टक्क्यांहून अधिक चढउताराचा उलगडा पाऊस किंवा तापमानापेक्षा बीव्हरच्या वस्तीवरून होत होता. 2002 च्या भीषण दुष्काळातही 1950 पेक्षा अधिक खुले पाणी होते, आणि 1950 मध्ये पाऊस जास्त होता, पण या तळ्यांत बीव्हर नव्हते. केवळ बंधाऱ्याने हे साधत नाही. बीव्हर तळ उकरून खोल करतो आणि झाडांपर्यंत चर खणतो, त्यामुळे आटत चाललेले पाणी खोलगट भागात टिकून राहते.

आता तो उत्तरेकडे सरकतो आहे. पश्चिम अलास्काच्या टुंड्रात, जिथे 1950 च्या सुमाराच्या छायाचित्रांत त्याचे एकही तळे दिसत नाही, तिथे उपग्रहाच्या चित्रांत 11 हजारांहून अधिक तळी मोजली गेली आहेत, आणि त्यांच्या उबेने खालची कायम गोठलेली जमीन विरघळू लागली आहे.