दमसास आणि गुडघा

(फोंडा येथील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो, निमंत्रणपत्रिकेत विषय छापला आहे तो 'अव्वल सांघिक खेळाडूंची शारीरिक क्षमता आणि हालचालीचा दर्जा'. एवढे लांबलचक शीर्षक वाचूनही आपण आलात, याचा अर्थ आज फातोर्ड्याच्या मैदानावर सामना नसावा. माझे म्हणणे मात्र थोडके आहे. खेळाडूचा दम किती आहे आणि तो हलतो कसा, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण पहिली मोजतो आणि दुसरीही मोजली गेली असे समजून घरी जातो.

दम मोजण्याच्या रीती उत्तम आहेत, याबद्दल वाद नाही. कॅनडातील ल्यूक लेजे यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेल्या बीप टेस्टमध्ये वीस मीटरच्या दोन रेषांमध्ये धावायचे असते; वेग ताशी ८.५ किलोमीटरपासून सुरू होतो आणि मिनिटागणिक अर्ध्या किलोमीटरने वाढतो. डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांनी यो-यो चाचणीत जाऊन-येऊन प्रत्येक फेरीनंतर दहा सेकंदांची उसंत ठेवली, कारण फुटबॉलपटू सामन्यात दहा-बारा किलोमीटर अंतर कापत असला तरी ते सलग धावून कापत नाही. २०१७ मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या निवडीसंदर्भात यो-योची चर्चा झाली, तेव्हापासून तर नातवाचा यो-योचा आकडा आजोबांना स्वतःच्या रक्तदाबापेक्षा अधिक पाठ असतो.

आता माझी जुनी तक्रार. काही वर्षांपूर्वी एका क्लबाच्या निवडचाचणीला फिजिओथेरपिस्ट म्हणून मला बोलावले होते. क्लबाचे नाव सांगत नाही, कारण या सभागृहातील निम्मे लोक त्या क्लबाचे आणि उरलेले त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे आहेत. सांगे तालुक्यातला, भातकापणीनंतरच्या शेतात खेळून वाढलेला एकोणीस वर्षांचा मुलगा बीप टेस्टमध्ये सर्वांत शेवटपर्यंत टिकला. सगळे टाळ्या वाजवत असताना मी त्याचा उजवा गुडघा पाहत होतो. रेषेवर पाय रोवून वळताना तो दर वेळी आत कलत होता. मी त्याला प्रेक्षकांच्या बाकावरून खाली उडी मारायला लावली, तर जमिनीवर पाय टेकताच दोन्ही गुडघे एकमेकांच्या कानात काही सांगायला निघाल्यासारखे जवळ आले. मी तसे एका चिठ्ठीवर लिहिले आणि सोबत काही व्यायाम सुचवले. व्यवस्थापकांनी चिठ्ठीची घडी केली, ती चहाच्या पेल्याखाली ठेवली आणि म्हणाले, "गुडघे कसे दिसतात याला गुण नसतात हो."

अडीच महिन्यांनी सरावात, आसपास कोणीही नसताना, चेंडूकडे वळताना तो मुलगा कोसळला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध, तुटला होता. ही दुखापत पुष्कळदा अशीच, कोणाचा धक्का न लागता होते. एका गुडघ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. व्यायाम करूनही तो पडला असता कदाचित. त्याची निवड झाली ती योग्यच झाली. चिठ्ठी पेल्याखाली गेली, एवढाच माझा राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

आमच्या वाड्यावरचा पाडेली, म्हणजे माडावरून नारळ काढणारा, पासष्टीचा आहे. बीप टेस्टच्या तिसऱ्या पायरीवर त्याला धाप लागेल. पण माडावर चढताना त्याचे पाऊल, गुडघा आणि कंबर एका रेषेत कशी राहतात, ते पाहून घ्यावे. आपणही खुर्चीवरून एका पायावर उठून पाहा. पहिल्या रांगेने कृपया हा प्रयोग करू नये. आयोजकांनी विमा उतरवलेला नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा ज्यासाठी आपण आलात ते आता धावतपळत सांगतो. ग्रे कुक आणि ली बर्टन यांच्या तपासणीत खोल बैठक, अडथळ्यावरून पाऊल टाकणे अशा सात हालचालींना शून्य ते तीन गुण देतात; एकूण गुण एकवीस. २००७ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघाच्या अभ्यासात चौदा किंवा कमी गुणांच्या खेळाडूंना गंभीर दुखापतीचा धोका अधिक दिसला आणि चौदा ही लक्ष्मणरेषा ठरली. पुढच्या आढाव्यांत ती रेषा भरवशाची ठरली नाही. शिवाय या गुणांचा वेगाशी किंवा उडीशी संबंध बहुधा क्षीणच आढळतो. म्हणून बेरीज बाजूला ठेवावी. दुखते कोठे (दुखले की शून्य), डाव्या-उजव्यात फरक किती, एवढे पाहावे आणि त्यावरून व्यायाम ठरवावा.

व्यायाम तयार आहेत. फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा सरावापूर्वीचा वीस मिनिटांचा क्रम नेमाने केल्यास दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे चाचण्यांत दिसले आहे. नॉर्डिक व्यायामात सोबत्याने घोटे धरायचे आणि आपण गुडघ्यांवरून सावकाश पुढे झुकायचे. त्याने मांडीमागच्या स्नायूंच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. खर्च एका जुन्या टॉवेलचा, तोही गुडघ्यांखाली घालायला.

वेळ संपली. दाराबाहेर एक बाक ठेवला आहे. शिबिरातल्या मुलांनी एकेकाने त्यावरून उडी मारून दाखवावी, पालकांनी समोर उभे राहून गुडघे पाहावेत, आणि चहा घेणाऱ्यांनी कृपया त्या बाकावर पेले ठेवू नयेत.