सात सत्तावन्नचं गाणं

आमच्या साताऱ्याच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, पण सकाळी आजोबा त्याच्याकडे बघायचेच नाहीत. रेडिओवर सैगलचं गाणं लागलं की खुंटीवरची टोपी काढायचे, कारण ते गाणं लागलं म्हणजे 7 वाजून 57 मिनिटं झाली, आठला तीन कमी. रेडिओ सिलोनवर, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या कोलंबोच्या रेडिओवर, रोज सकाळी साडेसातला ‘पुरानी फिल्मों का संगीत’ लागायचं, त्यात सगळी जुनी गाणी, आणि शेवटचं गाणं कुंदनलाल सैगलचं. सैगल 1947 च्या जानेवारीतच गेले, तरी त्यानंतर कित्येक वर्षं आमच्याकडे रोज सकाळी त्यांचा आवाज घुमायचा.

आता प्रश्न असा की आपली गाणी, आपले गायक, आणि ती ऐकायला कोलंबो का लावायला लागायचं?

कोलंबोत रेडिओ आला 1925 साली. पण एवढा लांब पोचणारा आवाज त्याला मिळाला तो दुसऱ्या महायुद्धामुळे. आग्नेय आशियात लढणाऱ्या मित्रराष्ट्रांच्या सैनिकांसाठी तिथे रेडिओ सीक नावाचं केंद्र सुरू झालं होतं, त्याच्यासाठी कोलंबोजवळ एकाला इथे 100 किलोवॅटचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर उभारला. लढाई संपली, सैनिक गेले, ट्रान्समीटर राहिला आणि रेडिओ सिलोनला मिळाला.

आणि इकडे 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेला मराठी माणूस, शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम. आकाशवाणीवर रागदारीला त्यांनी मोठी जागा दिली आणि ते काम मोठंच आहे, हे मान्य करायलाच हवं. पण सिनेमाच्या गाण्यांना त्यांनी जवळजवळ दार लावलं, निर्मात्यांशीही बिनसलं, आणि लोकांनी काय केलं तर सरळ काटा फिरवला. मला विचाराल तर ही चूकच होती, लोकांना जे गाणं दिवसभर गुणगुणावंसं वाटतं ते रेडिओवरून काढून टाकून त्यांची आवड बदलत नसते.

त्याच वर्षी डिसेंबरात सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, बिनाका टूथपेस्टच्या नावाचा फिल्मी गाण्यांचा कार्यक्रम. बुधवारी रात्री आठला, अमीन सायानींचा आवाज. रेकॉर्डिंग व्हायचं मुंबईत, टेप विमानाने जायची कोलंबोला, आणि तिथून तेच शब्द हवेतून परत मुंबईत, साताऱ्यात, नागपुरात! आकाशवाणीवर तेव्हा जाहिराती नव्हत्या, त्यामुळे आपल्याकडच्या टूथपेस्टच्या जाहिरातीचा पैसाही तिकडेच जायचा. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती आली, फिल्मी गाणी आपल्या रेडिओवर परत आली, 1967 पासून मुंबई-पुणे-नागपूरला जाहिरातीही लागल्या.

तरीपण आमच्या घरचा काटा सकाळी सिलोनवरच असायचा. कारण जुनी गाणी. कोलंबोच्या लायब्ररीत 78 आरपीएमच्या रेकॉर्ड्सचा खजिना होता, तव्यासारख्या काळ्या, जड, हातातून पडली की संपलं. आणि त्या लावणारे निवेदकही तसेच जिव्हाळ्याचे, गोपाल शर्मा, विजय किशोर दुबे, शिवकुमार सरोज, मनोहर महाजन. यातला एकही माणूस आजोबांनी कधी डोळ्यांनी बघितला नव्हता पण बोलताना ‘आज सरोज होते’ असं सांगायचे, जसं शेजारचं कोणी येऊन गेलंय. आठला ‘आप ही के गीत’ सुरू व्हायचं, त्यात फर्माईश करणाऱ्यांची नावं, गावांची नावं, आणि आपल्या भागातलं गाव निघालं की आजी आतून ओरडायची, ऐकलं का हो!

1967 मध्ये तिथे रेडिओचं महामंडळ झालं, पुढे 1972 ला देशाचंच नाव श्रीलंका झालं. आमच्याकडे मात्र शेवटपर्यंत ‘सिलोन’च.

स्टेशन लावणं हे पण एक कामच होतं. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याची जाळीची एरियल, आणि आमच्या मर्फी रेडिओच्या काचेवर 25 मीटरपाशी आजोबांनी पेन्सिलीने केलेली बारीक खूण. काटा तिथे नेऊन केसभर इकडे, केसभर तिकडे, शिट्ट्या, खरखर, मधेच कुठलं तरी परकं बोलणं, आणि मग एकदम स्वच्छ व्हायोलिन. शॉर्टवेव्हच्या लहरी वर आकाशात जाऊन तिथल्या थराला आपटून खाली येतात, म्हणून तर त्या एवढ्या लांब पोचतात, पण तो थर काही एकसारखा नसतो, त्यामुळे आवाज लाटेसारखा वर-खाली व्हायचा. ऐन अंतऱ्यात सैगल बुडून जायचे. आजोबा कान रेडिओला लावून बसायचे, बटणाला हात लावायचा नाही, येईल परत म्हणायचे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आजी, चुलीवरचं दूध बघत बघत, पुढची ओळ म्हणायची, अगदी त्याच चालीत, आणि सैगलचा आवाज परत वर आला की गप्प व्हायची.