पोह्याची प्लेट काट्यावर ठेवली अन् हिशोब कळला

[टेबलावर दोन प्लेटा, बाजूला वजनकाटा. मागं भट्टीवर तर्रीचं पातेलं.]

या दोन प्लेटा पाहा. दोन्हीत पोहे, तर्री अजून टाकली नाही. एकाच पोट्ट्यानं भरल्या, तासाभराच्या फरकानं. रिकामी प्लेट ठेवून काटा आधीच शून्य केला आहे. ही पहिली... २०४ ग्रॅम. अन् ही दुसरी... १४६. पैसे दोन्हीचे सारखेच घेतले.

राम राम मंडळी. हिंगणघाटजवळ, नागपूर-हैदराबाद रोडला लागून आपलं छोटं हॉटेल आहे, तिथूनच बोलून राहिलो.

पोट्ट्याची यात चूक नाही बरं. परात भरलेली असली की झारा खोल जाते, भरभरून वर येते. परात तळाला लागली की तोच झारा खरवडत फिरते. म्हणून सकाळी सातचा ट्रकवाला खुश, अन् आठचे मास्तर कुरकुरतात. ट्रकवाला पुन्हा कधी येईल काय माहीत, मास्तर तर रोजचे!

काटा आणला त्या दिवशी आई म्हणाली, "आता लोकांना तोलून जेवू घालतं का रे?" तिचं बरोबर आहे, आपल्याकडे तोलून वाढणं म्हणजे कंजुषी. पण मी पोहे कमी नाही केले. २०४ अन् १४६ च्या मधातला आकडा धरला, १७५. मास्तरांची प्लेट उलट वाढली.

खरा पैसा मटणात जाते. समजा भाव ८०० रुपये किलो. प्लेटमागं २० ग्रॅम जास्त गेलं, दिवसाला ६० प्लेटा. १२०० ग्रॅम झालं, म्हणजे ९६० रुपये. एका दिवसाचे! अन् हा हिशोब कच्च्या मटणाचा. शिजताना पाणी सुटून वजन घटते, म्हणजे ताटातल्या शिजलेल्या २० ग्रॅमसाठी कच्चं त्याहून जास्त गेलेलं असते. एक दिवस कच्चं तोला, शिजल्यावर फोडी काढून पुन्हा तोला, वहीत लिहा. माझा आकडा घेऊ नका. तुमचं मटण वेगळं, भट्टी वेगळी. रस्सा मात्र तोलत बसू नका, त्याला एक ठरलेली पळी पुरे.

आता काटा कोणता? [काट्याची पट्टी जवळून दाखवा.] ही बारकी पट्टी कोणी वाचत नाही. मॅक्स १० किलो, मिन म्हणजे कमीत कमी वजन २० ग्रॅम, ई बरोबर १ ग्रॅम, म्हणजे आकडा एकेक ग्रॅमनं सरकते. किराणा दुकानात असते त्या ३० किलोच्या काट्यावर बहुतेक मिन १०० ग्रॅम अन् ई ५ ग्रॅम दिसेल. म्हणजे १०० ग्रॅमच्या खालचं वजन त्यावर करूच नका. पोत्यातले कांदे तोला, १० ग्रॅम तिखट नाही. अन् १० किलोच्या काट्यावर पोतं आपटू नका. आतला लोडसेल, म्हणजे वजन ओळखणारा धातूचा तुकडा, एकदा वाकला की काटा गेला.

एक गंमत दाखवतो. [काट्यावर रिकामी वाटी, चिमटीनं मीठ.] चिमूट, चिमूट, चिमूट... पाहा, अजून शून्यच! पुष्कळ काटे हळूहळू पडणारं वजन धूळ-वाऱ्यातलं समजतात अन् पुन्हा शून्यावर येतात. माझा मसाला याच्यामुळे दोन महिने तिखट झाला, अन् मी मिरचीवाल्याशी भांडत बसलो. मग काय करायचं? मिठाचा डबाच काट्यावर ठेवा, शून्य करा, अन् त्यातून चिमटीनं नाही, चमच्यानं एकदम काढा. उणे २५ दिसलं म्हणजे २५ ग्रॅम निघालं.

पंख्याखाली काटा ठेवू नका, आकडा नाचते. गरम पातेलं थेट ठेवू नका, खाली लाकडी पाट घ्या. बॅटरी उतरली की आकडा भरकटते, अन् आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून रात्रीच चार्जिंगला लावा. रोज सकाळी एक तपासणी: हे २० रुपयाचे पाच ठोकळे, म्हणजे नाणी. एक ८.५४ ग्रॅमचा, पाच म्हणजे ४२.७. काट्यानं ४३ दाखवलं, झालं. मग एकच वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहा, आकडा बदलायला नको.

अन् हे ध्यानात ठेवा. स्वयंपाकघरात प्लेट सारखी ठेवायला कोणताही चांगला काटा चालते. पण "पाव किलो चिवडा", "अर्धा किलो मटण" असं वजनावर विकत असाल, तर वैधमापनशास्त्र विभागाचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का लागतेच. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या घरगुती काट्यावर तो शिक्का नसते.

[बाहेरून हाक. परात पुढं ओढतो.]

आलो मास्तर! परात तळाला लागली आहे, पाहा. १५८... एक झारा आणखी... १७१... हे थोडं... १७७. राहू द्या. फल्लीदाणे वरून टाकतो, तर्री वाढ रे पोट्ट्या.